रेडक्रॉसचे जनक हेन्री ड्युनांट

पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल फुलीचे चिन्ह आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात ओळखले जाते. महापूर, भूकंप, युद्ध, रोगराई अशी कोणतीही आपत्ती कोसळली की त्या चिन्हाखाली काम करणारी माणसे तेथे पोहोचतात. (आपल्याकडे डॉक्टरांच्या मोटारींवर आणि औषधांच्या दुकानांवर हे चिन्ह सर्रास रंगविलेले दिसते. वस्तुतः ते रेडक्रॉस आणि सैन्याची वैद्यकीय सेवा यांच्यासाठीच राखीव असून भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याचा अन्यत्र वापर निषिद्ध आहे.) या संस्थेची मूळ कल्पना ज्यांची, ते हेन्री ड्युनांट पेशाने व्यापारी होते, आणि व्यापारातच ते बुडाले. एक जगद्व्यापी सेवासंस्था आणि सुमारे दहा लाख फ्रँकचे कर्ज, या दोन्ही गोष्टी त्यांच्या नावावर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांच्या चरित्रात पहिल्या गोष्टीचा गौरव पुष्कळ होतो, दुसरीचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. तथापि त्यांच्या आयुष्याची उत्तरार्धातील चाळीस वर्षे त्या दुसऱ्या गोष्टीनेच व्यापलेली आहेत.

ड्युनांट यांचा जन्म ८ मे १८२८ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झाला. पिता जीन-जॅक हे प्रतिष्ठित व्यापारी होते. अनाथ मुले आणि तुरुंगातून सुटून आलेले लोक यांच्यासाठी ते काम करीत. माता आंत्वानेत या गोरगरीब व रुग्ण यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करीत. घरातील धार्मिक वळण कडक होते. दानधर्म हा त्या घरात सणावारी करावयाचा विधी नसून नित्याचा आचार होता. लहानग्या हेन्रीला एकदा वडिलांबरोबर फ्रान्समधील तुलाँ येथे बेड्या घातलेले कैदी पाहावयास मिळाले. त्या दर्शनाने त्याचे मन हेलावून गेले. पुढे तरुणपणी रविवारची सुटी तुरुंगातील कैद्यांना वाचून दाखविण्यात घालविण्याचा त्यांनी परिपाठ ठेवला, त्याचे मूळ येथे असावे. शाळेत मात्र त्यांची प्रगती यथातथाच होती. गुण कमी पडल्याने त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले आणि जिनिव्हातील एका सावकारी पेढीत ते उमेदवारीला लागले.

पेढीच्याच कामानिमित्त १८५३ साली ते उत्तर आफ्रिकेत गेले. अल्जेरिया त्या वेळी फ्रान्सच्या ताब्यात होता. तेथील सुपीक जमीन पाहून स्वतंत्र व्यवसायाची स्वप्ने त्यांना पडू लागली. मों-जेमिला येथे धान्य दळण्याच्या गिरण्या उभारण्यासाठी त्यांनी कंपनी काढली. जिनिव्हातील आप्तेष्टांनी आणि परिचितांनी विश्वासाने तिच्यात भांडवल गुंतविले. ज्या जमिनीवर हा सारा डोलारा उभा राहणार होता, ती स्थानिकांकडून परक्या सत्तेने हिरावलेली होती, हा विचार त्या काळच्या युरोपातील भल्याभल्यांनाही शिवला नव्हता. ड्युनांटही त्याला अपवाद नव्हते. गिरण्या उभ्या राहिल्या, परंतु त्या चालविण्यास लागणारी पुरेशी जमीन आणि पाण्याचा हक्क फ्रेंच अधिकारी देईनात. अर्ज, विनंत्या, खेटे यांत वर्षे गेली. ड्युनांट यांनी फ्रेंच नागरिकत्वही पत्करले. अखेरीस खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनची गाठ घेऊन गाऱ्हाणे मांडावे असे त्यांनी ठरविले. सम्राटाची स्तुती करणारे एक पुस्तकही त्यांनी भेटीदाखल तयार केले. सम्राट त्या वेळी उत्तर इटलीत ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात गुंतला होता. ड्युनांट तिकडे निघाले. जगाला रेडक्रॉस मिळाली ती एका व्यापाऱ्याच्या अडलेल्या परवान्यामुळे, हे विसरता येत नाही.

२४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो या गावाच्या परिसरात फ्रान्स व सार्डिनिया यांचे सैन्य एका बाजूला आणि ऑस्ट्रियाचे सैन्य दुसऱ्या बाजूला अशी घनघोर लढाई झाली. सुमारे तीन लाख सैनिक पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत लढले. एका दिवसात मृत व जखमी मिळून सुमारे ४० हजार माणसे पडली. त्या संध्याकाळी ड्युनांट जवळच्या कास्तिग्लिओने या गावी येऊन पोहोचले. पुढील तीन दिवसांत त्या लहानशा गावात नऊ हजार जखमी आणले गेले. चर्च, शाळा, खासगी घरे, अंगणे, गल्ल्या सर्वत्र माणसे पडलेली होती. गावच्या मोठ्या चर्चमध्येच पाचशे जखमी होते. अन्न होते, पाणीही होते. परंतु ते तोंडाशी नेऊन देणारे हात नव्हते, म्हणून माणसे तहानेने व भुकेने तडफडत होती. फ्रेंच सैन्यात घोड्यांसाठी जितके पशुवैद्य होते, तितकेही डॉक्टर माणसांसाठी नव्हते.

ड्युनांट यांना वैद्यकाचे ज्ञान नव्हते. अंगात पांढरे उन्हाळी कपडे असलेला हा परदेशी प्रवासी कामाला लागला. गावातील स्त्रिया, मुली, काही प्रवासी, जो कोणी भेटेल त्याला त्यांनी हाताशी धरले. जखमा धुणे, पाणी पाजणे, मलमपट्टी करणे, मरणोन्मुख सैनिकाचा निरोप त्याच्या आईवडिलांसाठी लिहून घेणे, अशी कामे त्यांनी वाटून दिली. येथे व्यापाऱ्याची दृष्टी उपयोगी पडली. आपल्या गाडीवानाला त्यांनी ब्रेशिया शहरात पिटाळले आणि औषधी फुले, संत्री, लिंबे, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्यांचे कापड, टाचण्या अशी यादीबरहुकूम खरेदी करून आणविली. यादीत तंबाखू आणि सिगारही होते. जखमांच्या दुर्गंधीवर तंबाखूच्या धुराचा उतारा असे आणि वेदनेत तेवढाच विरंगुळा. कैद केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना जखमींच्या सेवेसाठी मोकळे करावे म्हणून त्यांनी फ्रेंचांकडे रदबदली केली. गावातील स्त्रियांनी तर शत्रू-मित्र हा भेद प्रथमपासूनच पाळला नाही. ज्यांच्या सैन्याने कालपर्यंत आपल्या देशावर राज्य केले, त्या ऑस्ट्रियन जखमींनाही त्यांनी आपल्या माणसांसारखेच जपले. ड्युनांट यांनी आयुष्यभर जे सांगितले, त्याचा पहिला पाठ त्यांना या अनाम बायकांकडून मिळाला होता.

सम्राटाच्या छावणीपर्यंतही ते जाऊन आले. भेट घडली नाही आणि स्तुतिपर पुस्तकाचा स्वीकारही झाला नाही. गिरण्यांचे काम होते तेथेच राहिले.

जिनिव्हाला परतल्यावर ते पाहिलेले विसरू शकले नाहीत. १८६२ साली त्यांनी सोल्फेरिनोच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आणि स्वखर्चाने १,६०० प्रती छापून त्या विक्रीस न ठेवता युरोपातील राजे, मंत्री, सेनानी आणि समाजधुरीण यांना पाठविल्या. पुस्तकाचा पूर्वार्ध लढाईचे व जखमींच्या हालांचे वर्णन करतो. उत्तरार्धात दोन सूचना आहेत. प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची मंडळे स्थापून त्यांना शुश्रूषेचे शिक्षण द्यावे, ही पहिली. आणि अशा मंडळांच्या कार्याला सर्व राष्ट्रांनी कराराने मान्यता द्यावी, ही दुसरी. आग लागल्यावर विहीर खणणे उपयोगाचे नाही, हा त्यातील व्यवहार कोणालाही पटण्यासारखा होता. तरी विरोध झालाच. क्रिमियाच्या युद्धात जखमींची सेवा करून कीर्ती मिळविलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनाच ही कल्पना रुचली नाही. खासगी मंडळांनी हे काम अंगावर घेतले तर सरकारे आपल्या कर्तव्यातून मोकळी होतील, असे त्यांचे मत होते. हा आक्षेप आजही अगदीच गैरलागू झालेला नाही.

जिनिव्हातील एका लोकहितवादी मंडळाचे अध्यक्ष गुस्ताव्ह म्वानिए यांनी हे पुस्तक वाचले व ते स्वतः ड्युनांट यांना भेटावयास गेले. म्वानिए हे वकिलीचे शिक्षण घेतलेले, शिस्तप्रिय, हिशेबी आणि चिकाटीचे गृहस्थ. त्यांच्या पुढाकाराने १७ फेब्रुवारी १८६३ रोजी पाच जणांची समिती भरली. वृद्ध सेनापती ड्यूफोर अध्यक्ष झाले, म्वानिए, डॉ. आप्पिया व डॉ. मोनवार हे सदस्य आणि ड्युनांट चिटणीस. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा जन्म तो हाच.

एकाने स्वप्न पाहावे व दुसऱ्याने ते नियमांत बसवावे, अशी ही जोडी होती. अशा जोड्यांमधूनच संस्था उभ्या राहतात, आणि बहुधा त्यांच्यातच प्रथम खटके उडतात. सप्टेंबर १८६३ मध्ये ड्युनांट बर्लिनला एका परिषदेसाठी गेले असता बास्टिंग नावाच्या डच लष्करी डॉक्टरांशी त्यांची चर्चा झाली. जखमी, डॉक्टर, शुश्रूषा करणारे आणि रुग्णालये यांना युद्धात तटस्थ मानावे, त्यांच्यावर कोणी शस्त्र धरू नये, असा मुद्दा तीतून पुढे आला. ड्युनांट यांनी समितीतील कोणालाही न विचारता, समितीच्याच वतीने, तो मुद्दा छापून सर्व देशांच्या प्रतिनिधींना पाठवून दिला. एवढी मोठी मागणी सरकारे मान्य करणार नाहीत आणि सगळेच फिसकटेल, अशी म्वानिए यांना भीती वाटली. ते संतापले. कार्यपद्धतीच्या दृष्टीने त्यांचा राग न्याय्यच होता. चिटणिसाने अध्यक्ष व सहकाऱ्यांना डावलून पत्रके काढू नयेत, हे कोणतीही संस्था सांगेल. पण मुद्दा मान्य झाला. ऑक्टोबर १८६३ मध्ये जिनिव्हाला परिषद भरली, दंडावर बांधावयाच्या पांढऱ्या पट्टीवरील लाल फुलीचे चिन्ह ठरले, आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. दहा कलमांच्या त्या कराराचा गाभा तटस्थता हाच होता. त्या परिषदेत ड्युनांट यांच्याकडे सोपविलेले काम मात्र पाहुण्यांच्या सरबराईचे होते.

या काळात त्यांचा मान वाढत होता आणि धंदा खचत होता. प्रवास, छपाई, पत्रव्यवहार हे सर्व ते पदरमोड करून करीत. गिरण्यांकडे लक्ष नव्हते आणि मिळकत नव्हती. तोटा भरून काढण्याच्या आशेने ते नवनव्या योजनांत शिरत गेले. जिनिव्हातील ज्या बँकेच्या संचालक मंडळावर ते होते, तीही या व्यवहारांत गुंतली आणि १८६७ साली कोसळली. तिच्याबरोबर ड्युनांट यांचेही दिवाळे निघाले. देणे सुमारे दहा लाख फ्रँकच्या घरात गेले. त्यात नातेवाइकांचे आणि मित्रांचे पैसे होते. ऑगस्ट १८६८ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांची जाणूनबुजून दिशाभूल केली, असा ठपका त्यांच्यावर ठेवला.

व्यापारी समाजातील वाचकांना दिवाळे या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. जिनिव्हासारख्या पेढ्यांच्या शहरात तर पत गेलेला माणूस जिवंतपणीच संपत असे. ड्युनांट यांनी शहर सोडले, ते पुन्हा कधी तेथे परतले नाहीत. चिटणीसपदाचा राजीनामा त्यांनी स्वतःच पाठविला होता. समितीने एवढ्यावर न थांबता सप्टेंबर १८६७ मध्ये त्यांचे सदस्यत्वही संपुष्टात आणले. ज्या तरुण ख्रिस्ती संघटनेच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, तिनेही त्यांना दूर केले. पुढच्या फेब्रुवारीत त्यांची आई वारली.

समितीने केले ते योग्य की अयोग्य, यावर आजही मतभेद आहेत. लोकांच्या पैशावर आणि विश्वासावर चालणाऱ्या संस्थेला, ज्याचे दिवाळे निघाले आहे असा पदाधिकारी ठेवणे परवडणारे नव्हते. रेडक्रॉस त्या वेळी अवघी चार वर्षांची होती. देशोदेशीचे राजे व दाते तिच्याकडे पाहत होते. तेव्हा त्यांना पदावरून दूर करण्याचा निर्णय कठोर असला तरी समर्थनीय ठरतो. परंतु पद काढून घेणे वेगळे आणि नाव पुसणे वेगळे. पुढील अनेक वर्षे संस्थेच्या इतिहासात ड्युनांट यांचा उल्लेख जवळजवळ होईनासा झाला, आणि म्वानिए हेच तिचे संस्थापक म्हणून ओळखले जाऊ लागले. म्वानिए यांचे श्रेय कमी नाही. १८६४ पासून मृत्यूपर्यंत, तब्बल ४६ वर्षे त्यांनी अध्यक्षपद सांभाळले, आणि त्यांच्या चिकाटीवाचून ती कल्पना पुस्तकातच राहिली असती. म्हणूनच दुसऱ्याच्या वाट्याचे श्रेय मान्य करण्यास त्यांच्यासारख्याचे मन धजू नये, याची खंत वाटते.

ड्युनांट पॅरिसमध्ये राहिले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी तेथे पुन्हा मदतकार्य उभे केले. युद्धकैद्यांना माणुसकीने वागवावे यासाठी इंग्लंडमध्ये व्याख्याने दिली, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रयत्न केले. हातात काहीच उरले नव्हते. कधी एखाद्या पावावर दिवस काढावा, रेल्वेच्या प्रतीक्षागृहात रात्र काढावी, कोट विटला म्हणून त्यावर शाई फासावी, सदऱ्याची कॉलर मळली म्हणून तिला खडू लावावा, अशी अवस्था त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत नोंदविली आहे. अंगावरच्या कपड्यांनी तरी आपली दैना झाकावी, एवढा व्यापारी घरातला पीळ शिल्लक होता. या गावाहून त्या गावी असे भटकत, आप्तांकडून येणाऱ्या अल्प रकमेवर गुजराण करीत, १८८७ साली ते पूर्व स्वित्झर्लंडमधील हायडेन या डोंगराळ गावी आले. १८९२ पासून तेथील लहान रुग्णालयात डॉ. आल्थेर यांच्या देखरेखीखाली ते राहू लागले. शेवटची अठरा वर्षे त्यांनी त्याच रुग्णालयात काढली.

जगाने त्यांना मृत समजले होते. १८९५ साली सेंट गालन येथील पत्रकार गेऑर्ग बाउमबर्गर यांनी त्यांना शोधून काढले व त्यांच्यावर लेख लिहिला. तो लेख अल्पावधीत युरोपभर पसरला. सत्कार, पत्रे, मदत यांचा ओघ सुरू झाला. रशियाच्या राजमातेने निवृत्तिवेतन चालू केले. स्टुटगार्टचे त्यांचे मित्र रुडॉल्फ म्युलर यांनी १८९७ साली रेडक्रॉसच्या उगमाचा इतिहास लिहून ड्युनांट यांचे स्थान कागदोपत्री सिद्ध केले.

१० डिसेंबर १९०१ रोजी शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक हेन्री ड्युनांट आणि फ्रेंच शांतिवादी फ्रेदेरिक पासी यांना विभागून जाहीर झाले. युद्धातील जखमींची सोय लावणे म्हणजे युद्ध अधिक सुसह्य करणे होय, त्याला शांततेचे पारितोषिक कसे, असा प्रश्न त्या वेळी काहींनी उपस्थित केला. कास्तिग्लिओनेच्या चर्चमध्ये पडलेल्यांकडे पाहून तो विचारता आला असता का, हे सांगणे कठीण आहे. ज्या समितीने चौतीस वर्षांपूर्वी त्यांना वगळले होते, तिनेही अभिनंदन कळविले. १९०३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने ड्युनांट आणि म्वानिए या दोघांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तरीही दोघांची दिलजमाई झाली नाही.

पारितोषिकातील त्यांच्या वाट्याची रक्कम एक लाख स्विस फ्रँकहून अधिक होती. धनकोंनी तिच्यावर दावा सांगू नये म्हणून हान्स डे या नॉर्वेतील मित्राने ती तेथील बँकेतच ठेवली. ड्युनांट यांनी ती स्वतःसाठी खर्च केली नाही. ज्यांचे पैसे बुडाले त्यांना त्या रकमेवर हक्क होता की नाही, हा प्रश्न साधा नाही. त्यांचे चाहते तो टाळतात. स्वतः ड्युनांट यांना तो टाळता आला नाही. आपले देणे फिटले नाही ही बोच त्यांच्या मनात अखेरपर्यंत होती, आणि वृद्धापकाळी तिला भयाचे रूप आले. धनको व शत्रू आपल्या मागावर आहेत असे त्यांना वाटे. अन्नात विष असेल या शंकेने रुग्णालयाच्या स्वयंपाक्याला आधी चव घ्यावयास लावून मगच ते जेवत. भेटीस आलेल्यांना बहुधा नकार मिळे.

म्वानिए २१ ऑगस्ट १९१० रोजी वारले. त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर १९१० रोजी, हायडेनच्या रुग्णालयात ड्युनांट यांनी देह ठेवला. त्यांचे वय ८२ होते. त्यांच्या इच्छेनुसार कोणताही समारंभ न करता झुरिच येथे त्यांचा अंत्यविधी झाला. भारतात रेडक्रॉस सोसायटी कायद्याने स्थापन झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० साली. त्यांची जन्मतारीख ८ मे हा दिवस जगभर रेडक्रॉस दिन म्हणून पाळला जातो.

मृत्युपत्रात त्यांनी आपली शुश्रूषा करणाऱ्यांची आठवण ठेवली होती. नॉर्वे व स्वित्झर्लंडमधील धर्मादाय संस्थांना देणग्या दिल्या होत्या, आणि काही रक्कम हायडेनच्या रुग्णालयाला ठेवली होती. गावातील जो गरीब उपचाराचा खर्च देऊ शकणार नाही, त्याच्यासाठी तेथे एक खाट कायमची मोफत ठेवावी, अशी त्यांची इच्छा होती.